पावणेतीन तासांचा प्रवास

माझी धाकटी बहीण लग्नानंतर आसामात राहायला गेली. दाजी सीमेवरच्या दलात नोकरीला. त्यांचं क्वार्टर गुवाहाटीच्या बाहेर होतं आणि ते स्वतः महिन्यातले वीस दिवस पुढच्या चौकीवर असायचे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वार खाली आहे, लांबचा प्रवास करायचा नाही आणि रक्ताचा थेंब जरी दिसला तरी लगेच दवाखाना गाठायचा. मग मायनंच तिच्याकडं जायचं ठरलं.

माय मानवत तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीनं शेती बघायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पूर्णेला शाळेत शिकवतो. शनिवारी गावी जायचो, सोमवारी पहाटे परत. त्या वर्षी कापूस चांगला फुटला आणि नेमक्या वेचायला बाया मिळेनात, कारण निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. रेल्वेनं जायचं तर तीन दिवस वाटेतच जाणार, म्हणजे लवकर निघायला हवं होतं. माय म्हणाली, "बोंडं लोंबायलीत. एवढी वेचणी उरकू दे, मग निघू." तेव्हा विमानाचं मीच सुचवलं. हैदराबादेहून गुवाहाटी पावणेतीन तास. मायला ते खरं वाटेना. तिनं दोनदा विचारून खात्री केली आणि मग आठ दिवस रानात उभी राहून कापूस घरात आणला.

तिकिटं मी मोबाईलवर काढली. त्या कंपनीबद्दल पेपरात काय येत होतं ते मला माहीत होतं. मंदीमुळं लोक विमानानं जाईनात, भाड्यानं घेतलेल्या विमानांचे पैसे थकले, वैमानिकांचे पगार होईनात. शाळेच्या स्टाफरूममध्ये ती बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं. एवढी मोठी कंपनी, ती काय अशी बंद पडते, असं वाटलं. शिवाय तिचीच तिकिटं सगळ्यांत स्वस्त होती. ती स्वस्त का आहेत, हा विचार मी केला नाही. तो करायला हवा होता, हे आज लिहिताना फार सोपं वाटतं.

परभणीला गाडीत बसलो आणि सकाळी सिकंदराबादला उतरलो. स्टेशनवरूनच बहिणीला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत माय तुझ्यापाशी असेल म्हणून सांगितलं. मायनं फोन ओढून घेतला. पायावर सूज आहे का, रात्री झोप लागते का, काय खावंसं वाटतंय, असं बराच वेळ विचारत राहिली. बहीण हसून उत्तरं देत होती, तिचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

विमानतळाच्या दारावरच्या जवानानं माझा मोबाईल हातात घेतला, तिकीट पाहिलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. या कंपनीची विमानं सकाळपासून बंद आहेत, आत जाता येणार नाही, असं तो हैदराबादी हिंदीत म्हणाला. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ती बोली चांगली कळते. मायला मला काही समजावून सांगावं लागलं नाही. "बंद म्हंजे कवा चालू होणार?" एवढंच तिनं विचारलं. जवानानं माहीत नाही म्हणून मान हलवली.

बाहेर आमच्यासारखे शे-दीडशे लोक होते. एक लग्नाचं वऱ्हाड होतं. एक माणूस आखातातल्या नोकरीवर दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं म्हणून सगळ्यांना कागद दाखवत फिरत होता. त्याचे कागद बघायलाही कुणी नव्हतं. दुपारी कधीतरी माझ्या मोबाईलवर कंपनीचा निरोप आला की कामकाज तात्पुरतं थांबवण्यात येत आहे. मी दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं शोधत होतो. त्या दिवशीची एकही जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या दोन दिसल्या, पण त्यांचे भाव डोळ्यांदेखत चढत होते. शाळेतल्या एका सरांना फोन करून मी पैसे मागितले. त्यांनी पाठवलेही. तोवर त्या जागा गेल्या होत्या.

या गडबडीत माय कुठं गेली म्हणून पाहिलं तर ती एका बाकावर बसली होती. शेजारी त्याच कंपनीच्या गणवेशातली एक मुलगी होती. लोकांच्या शिव्या खाऊन ती बाहेर येऊन बसली होती. तिलाही कंपनी बंद पडल्याचं सकाळी कामावर आल्यावरच कळलं होतं आणि तीन महिन्यांचा पगार झाला नव्हता. मायनं आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली होती. मला राग आला. या लोकांमुळं आपण अडकलोय, असं मी मराठीत पुटपुटलो. माय म्हणाली, "तिनं काय केलं रे? ती बी कुणाची तरी पोरगी हाय."

बहिणीला पुन्हा फोन केला. विमान रद्द झालं, आता रेल्वेनं येतोय, परवा दुपार होईल, असं सांगितलं. ती म्हणाली की सावकाश या, माझी काळजी करू नका. मायला तिनं फोन द्यायला सांगितला नाही.

हावड्यापर्यंतचा प्रवास साध्या डब्यात केला. मायला कुणीतरी बसायला जागा दिली. मी दाराशी वर्तमानपत्र अंथरून बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हावड्याच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत असताना दाजींचा फोन आला. सकाळी बहिणीला फार रक्तस्राव झाला होता. शेजारच्या बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोट फाडून बाळ काढलं, पण ते जिवंत नव्हतं. मुलगा होता. बहीण वाचली होती. दाजी चौकीवरून निघून नुकतेच पोचले होते.

मायपासून लपवायचं मला सुचलंही नाही. ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. बाळ गेलं, म्हणालो.

"आन् पोरगी?"

"ती हाय."

ती पिशवीवर बसली. फलाटावर माणसं आमच्या अंगावरून जात होती. ती म्हणाली, "कापसापायी थांबले मी." विमानाचं मी सुचवलं होतं, तिकिटं मी काढली होती, पेपर मी वाचला होता. यातलं काहीच मला तेव्हा बोलता आलं नाही. गुवाहाटी येईपर्यंत तिनं काही खाल्लं नाही.

आम्ही पोचायच्या आधी, त्या दिवशी सकाळीच बाळाला दाजींनी पुरलं होतं. आम्ही पाहिलं नाही. दवाखान्यात बहीण भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तिला दूध दाटलं होतं, छाती ठणकत होती. मायनं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, मला बाहेर जायला सांगितलं आणि तिची छाती घट्ट बांधली. दाराबाहेर मला दोघींच्या रडण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं. तो आला नाही.

माझी रजा संपली तसा मी परत आलो. माय महिनाभर तिथंच राहिली आणि मग बहिणीला घेऊन गावी आली. दरम्यान त्या कंपनीची विमानं ज्यांची होती त्यांनी परत नेल्याची बातमी आली. मी ती शेवटपर्यंत वाचली.

होळीच्या आसपास, माय रानात गेलेली असताना, बहीण मला म्हणाली, "त्या दिवशी तू सिकंदराबादहून फोन केलास ना, तेव्हा मला थोडं रक्त दिसलं होतं. म्हटलं संध्याकाळी माय येतीच हाय, तिच्यासंगं दवाखान्यात जाईन. एकटीला भीती वाटायली होती."

मी विचारलं, विमान रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा का बोलली नाहीस?

"तवर थांबलं होतं. आन् तुमी तिथं दाराबाहेर उभे. सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

मायला हे सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं. मी सांगितलेलं नाही. माय अजूनही दोष स्वतःकडंच घेते आणि मी गप्प बसतो, कारण खरं सांगितलं तर तिचं ओझं कमी होईल की वाढेल, हे मला ठरवता आलेलं नाही.

पाडव्यानंतर माय बहिणीबरोबर आसामला गेली. जमीन चुलतभावाला बटईनं, निम्म्या वाट्यानं कसायला दिली. परभणीच्या फलाटावर मी त्यांचं सामान चढवलं. तीन दिवसांच्या प्रवासाची दोघींची जागा समोरासमोर होती. गाडी हलल्यावर बहिणीनं हात केला. माय तिची चादर नीट करत होती, तिचं बाहेर लक्ष नव्हतं.

गावातलं घर त्या उन्हाळ्यात बंदच राहिलं. शनिवारी मी पूर्णेतच थांबू लागलो.