चौथ्या रांगेचा चातुर्मास

"बठ्ठासले वाढं का, माय?"

दुपारी डबे उघडले की मावशींचा हा अहिराणी प्रश्न ठरलेला. सगळ्यांना वाढलं का? प्रत्येकाच्या पुढ्यात त्यांचा ठेचा पडल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नसत.

सुरतच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या काचसामान धुवायच्या आणि माझ्यासाठी किलोकिलोने लसूण सोलायच्या. आम्हा दोघींना असा काही वास यायचा, की लिफ्टपाशी उभे असलेले लोक गोड हसून म्हणत, "तमे जाओ, अमे पछी आवीए." ते मागून येणार, अख्खी लिफ्ट आमची. मावशी म्हणायच्या, "बघ, केवढा मान आहे आपल्याला."

माझं काम त्यांना एकदाच सांगावं लागलं. यकृताला सारखी इजा झाली की त्यातल्या काही पेशी पिसाळतात, धागे काढत सुटतात आणि यकृत कडक होत जातं. लसणातल्या द्रव्याने त्या शांत होतात का, हे मी बघत होते. मावशींनी सुरतजवळ कडोदऱ्याला नवऱ्याबरोबर कापडाच्या लूमवर वर्षं काढलेली. "म्हणजे आत लूम चालू झालाय आणि तू त्याचं बटण शोधतेस," त्या म्हणाल्या. आता सांगा, इतकं सोपं मला तरी कुठे जमलं होतं?

चार महिन्यांनी शेवटची चाचणी आली. ती फसली तर प्रयोगशाळेचे सर माझा विषयच बंद करणार होते. या पिसाळलेल्या पेशी ठेवायच्या प्लेटमध्ये इवल्या इवल्या वाट्या असतात, रांगेने. तीन रांगांना मी लसूण दिला. चौथीला मुद्दाम दिला नाही, कारण तिच्याशी ताडूनच फरक कळणार होता. दोन दिवसांनी बघते तर चारही रांगा सारख्याच गपगार. फरक शून्य. सर म्हणाले, "हा लसूण आता फोडणीला वापरा." मला रडूच फुटलं.

दारातून मावशी म्हणाल्या, "सर, चौथ्या रांगेला मी वाढला."

लसूण देऊन मी फोनवर बोलायला गेले होते, तेवढ्यात. "हातमोजे घातले, स्पिरिट लावलं, सगळं हिच्यासारखं केलं. एका पंगतीला बसवून शेवटच्यांना तसंच उठवायचं, मला बघवेना."

नोकरी जाईल हे त्यांना कळत होतं. पदर घट्ट धरून उभ्या होत्या. सरांनी प्लेटकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि मग स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे चौथी रांगही लसणानेच गप्प झाली असेल. पुन्हा करा."

या वेळी मावशींनीच तोडगा काढला. "या रांगेचा चातुर्मास आहे," असं ठरवून टाकलं. दोन्ही दिवस येता-जाता चौथ्या रांगेची समजूत काढायच्या, "थोडाच वेळ, बरं का." तीन रांगा शांत राहिल्या आणि चौथीत लूम धडधडून चालू. मी मावशींना उचलून गरगर फिरवलं. "अगं मेले, पाडशील," म्हणत त्या खिदळत होत्या.

गेल्या वर्षी त्या अमळनेरकडे गावी गेल्या, कायमच्या. आता डबे उघडतात, पण कुणी विचारत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

परवा त्यांचं पार्सल आलं. नव्या लसणाच्या पिशव्या, प्रत्येकीवर नाव. आम्ही सहाजण आणि पिशव्या सात. सातवीवर त्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चौथ्या रांगेला, चातुर्मास सुटला की.'

मी त्या पिशवीतले गड्डे मोजले. आमच्या प्रत्येकाच्या पिशवीइतकेच होते.