मोजणी हरणाऱ्यानं करायची

ग्रोमिन गावात दिंको म्हातारा कशासाठी प्रसिद्ध असेल, तर त्याच्या डाव्या गुडघ्यासाठी. बत्तीस वर्षं तारली माशांच्या कारखान्यात ओल्या फरशीवर उभं राहून तो निकामी झाला, असं दिंको सांगायचा, आणि गावात कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. कारण गुडघा मोठा लबाड होता. अंजिराच्या झाडावर चढताना वाकायचा, होडीत उडी मारताना वाकायचा, चर्चमध्ये तर पाद्र्याच्या आधी वाकायचा. फक्त बालोतेच्या मैदानावर मोजणीची वेळ आली, की लाकडाच्या ओंडक्यासारखा ताठ.

बालोते या गोळ्यांच्या खेळाशिवाय बेटावरच्या म्हाताऱ्यांना दिवस ढकलता येत नाही. मैदान म्हणजे नुसती एक पट्टी, सत्तावीस पावलं लांब आणि चार पावलं रुंद, दोन्ही कडांना फळ्या. आधी एक छोटा गोळा टाकायचा, मग प्रत्येकानं आपला मोठा गोळा घरंगळत त्याच्याजवळ न्यायचा. ज्याचा जवळ, त्याचा गुण. दोन बोटांचा फरक नजरेनं कळतो, पण नखाएवढा असला की दोरी काढावी लागते. आणि दोरी कुणी धरायची, हा ग्रोमिनचा कायदा पक्का: ज्याचा गोळा लांब दिसतोय, त्यानंच गुडघे टेकून मोजायचं. जिंकणाऱ्यानं हात पाठीमागं घेऊन गप्प उभं राहायचं. कायदा कुणी केला कुणास ठाऊक, पण मोजणीवरून इथे कधी डोकी फुटली नाहीत. फुटली ती राजकारणावरून.

दिंकोवर पाळी आली की तो म्हणायचा, "आंद्रो, तू मोज रे. माझा गुडघा!"

आंद्रो हा त्याचा मेव्हणा. मूळचा डोंगरापलीकडच्या लोकवा गावचा; बायको गेल्यावर बहिणीच्या शेजारी येऊन राहिलेला. तो एक शब्द न बोलता दोरी घ्यायचा.

गुडघ्याचं बिंग फुटलं ते पेरिनामुळे. पेरिना दिंकोच्या मुलीची मुलगी. आई किनाऱ्यापलीकडच्या स्प्लिट शहरात, इस्पितळात पाळ्या करायची, बाप जहाजावर, म्हणून पोर नोनो आणि नोनाकडे, म्हणजे आजोबा-आजीकडे वाढली. ती सहा वर्षांची असताना वरच्या खोलीत उतरलेली एक पाहुणी पलंगाखाली टेनिसची रॅकेट विसरून गेली. फोन करून विचारलं, तर बाई म्हणाली, राहू दे पोरीला. पोरगी दोन दिवस ती रॅकेट कुशीत घेऊन झोपली आणि तिसऱ्या दिवशी तिनं नोनोला विचारलं, "हे कुठे खेळतात?"

बेटावर टेनिसचं मैदान नव्हतं. दिंकोनं खूप विचार केला आणि बालोतेच्या पट्टीवर मधोमध जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला.

"दिंको, इथे काय मासे लागणार आहेत?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"लागले तर तुम्हाला डोकी देईन!"

बरीच बाचाबाची होऊन असं ठरलं, की दुपारी दोन ते चार टेनिस. त्या वेळात उन्हानं दगडसुद्धा झोपतात. चारला जाळं निघालंच पाहिजे. तर रोज दोन वाजता हा साठीला टेकायला आलेला माणूस, डोक्यावर गवती टोपी, पायांत घरातल्या सपाता, एका टोकाला. आणि दुसऱ्या टोकाला गुडघ्याएवढी पेरिना. चार पावलांच्या पट्टीत फटका सरळच मारावा लागतो. तिरका गेला की फळीवर आपटतो, आणि फळीवर आपटला की घरोघरच्या खिडक्यांतून झोपमोडीच्या शिव्या येतात. पोरीचा हात पट्टीनं आखल्यासारखा सरळ झाला तो असा. पुढे राजधानी झाग्रेबचे मोठमोठे कोच त्या फटक्याकडे बघून विचारायचे, कुठल्या पद्धतीनं शिकलीस? ती सांगायची, शेजारी झोपलेले असायचे.

टेनिसमध्येही चेंडू आत पडला की बाहेर, हा प्रश्न येतोच. दिंकोनं गावचाच कायदा लावला: चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानं जाऊन खूण बघायची, कारण चेंडू आत असेल तर हरणार तोच. आणि पेरिनाचा चेंडू रेघेजवळ पडला की दिंको चष्मा कपाळावर ढकलून, दोन्ही गुडघे टेकून, नाक मातीला लावायचा.

"लागलाय रेघेला! तुझा गुण, पोरी!"

एका दुपारी आंद्रोला झोप लागेना. त्यानं खिडकीतून हे पाहिलं आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाला, "आपल्या दिंकोचा गुडघा टेनिसला वाकतो बरं का! बालोतेला तेवढा वाकत नाही."

सगळे खो खो हसले. दिंकोही हसला, पण कानांपर्यंत लाल झाला.

नऊ वर्षांच्या पेरिनाला घेऊन तो पहिल्यांदा स्प्लिटला स्पर्धेला गेला, तेव्हा रात्रभर काळजीत होता, की तिथले नियम वेगळे असले तर पोरगी गोंधळेल. गेल्यावर कळलं, लहान मुलांच्या सामन्यांना पंचच नसतो, आपापल्या बाजूचा चेंडू आपणच सांगायचा. दिंकोला काय आनंद झाला म्हणता! परतीच्या बोटीवर जो भेटेल त्याला तो सांगत होता, "टेनिसवाल्यांनी आपला ग्रोमिनचा नियम उचललाय! अगदी जसाच्या तसा!"

बारा वर्षांची झाल्यावर पेरिना झाग्रेबला गेली. निघायच्या दिवशी नोना येलेनानं तिच्या पिशवीत सुके अंजीर, खारवलेल्या तारल्यांचा डबा आणि लोकरीचे चार मोजे कोंबले. दिंको धक्क्यापर्यंत सोडायला गेला. बोट टोकापलीकडे गेली तरी तो टोपी हलवत होता. शेवटी आंद्रोनं त्याचा हात धरून खाली घेतला.

मग बातम्या येऊ लागल्या. सोळाव्या वर्षी देशातल्या मुलींमध्ये पहिली. सतराव्या वर्षी पोटरी दुखावली, सहा महिने घरी. ते सहा महिने दिंकोला पर्वणीच वाटले, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. अठराव्या वर्षी मोठ्या बायकांच्या स्पर्धा, जगाच्या यादीत आठशेवी, मग चारशेवी, मग दोनशे चाळिसावी. गावची दुकानदारीण तो आकडा चॉकनं पावाच्या फळीवर लिहायची, आणि आकडा खाली आला की त्या दिवशी पाव घेणाऱ्याला दोन ऑलिव्ह जास्त मिळायचे.

एकोणिसाव्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र ती गोष्ट घडली.

संध्याकाळचे पाच वाजले होते. डाव रंगात होता. येलेना पाव आणि तारल्या घेऊन नुकतीच आली होती. दिंकोचा फोन वाजला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोनचा आवाज कायम मोठा, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"नोनो, एकटा आहेस का?"

दिंकोनं इकडेतिकडे पाहिलं. सात म्हातारे हातात गोळे धरून पुतळ्यासारखे उभे होते.

"एकटाच आहे. बोल."

"मीही एकटाच आहे गं!" आंद्रो ओरडला.

नेहमी ती यावर हसायची. आज हसली नाही. तेव्हा सगळ्यांनी गोळे खाली ठेवले.

पेरिना फ्रान्समध्ये होती. लाल मातीवरची मोठी स्पर्धा, आणि आत शिरायला पात्रता फेरीचा शेवटचा सामना. "काल मी जिंकले होते, नोनो. शेवटचा गुण. तिचा चेंडू बाहेर, असं पंचांनी सांगितलं, ती हात मिळवायला पुढे आलीसुद्धा. मी खूण बघायला गेले."

"रेघेवर?"

"रेघेवर. नखाएवढी. मग सांगितलं त्यांना. मग खेळ पुढे चालला आणि मी हरले."

मैदानावर कुणीतरी खाली थुंकलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"आता ऐक. आज सकाळी एका मुलीनं माघार घेतली आणि तिच्या जागी मला आत घेतलं. उद्या मुख्य सामना. पण क्रुनो म्हणतो," क्रुनो म्हणजे तिचा कोच, "उद्या पुन्हा खूण बघायला गेलीस तर मी बॅग भरतो. ते पंचांचं काम आहे, म्हणतो. बाकीच्या सगळ्या गप्प बसतात, म्हणतो. तो वाईट नाही रे. माझ्यापायी दोन वर्षं त्यानं स्वतःच्या पोरांचे वाढदिवस चुकवलेत. तूच सांग. बघायला जाऊ की नको जाऊ? तू सांगशील तसं करते."

झालं! सातही जण एकदम बोलू लागले. "जा जा, खुशाल जा!" "अजिबात जाऊ नकोस, पंच काय झोपायला बसवलेत?" "त्या क्रुनोला इकडे पाठव, मी बघतो!"

दिंकोनं हात वर केला. जा म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? आणि नको म्हणावं, तर तेरा वर्षं गुडघे टेकून जे शिकवलं ते एका शब्दात पुसून टाकायचं. तो फोनचा मोठा आवाज बंद करायची कळ शोधू लागला. ती काही सापडेना. तारल्यांच्या तेलानं बोटं निसटत होती. शेवटी त्यानं नाद सोडला आणि तिथेच, फळीवर, सगळ्यांदेखत बसला.

"पोरी, मी काय सांगू तुला? मी स्वतः एकदा खोटं मोजलंय."

येलेनानं पाव कापायला घेतला.

"सेंट रोकोच्या जत्रेत. लोकवाविरुद्ध शेवटचा डाव. मी चोवीस वर्षांचा. आमचा गोळा लांब दिसत होता, म्हणून दोरी माझ्या हातात आली. लोकवाचा गोळा जवळ होता, पोरी. अंगठ्याच्या नखाएवढा जवळ. मी आमच्या गोळ्याला दोरी ताणून धरली आणि त्यांच्या गोळ्याला जरा ढिली सोडली, म्हणजे त्यांचं अंतर जास्त भरलं. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. चांदीचा पेला मिळाला. शेहेचाळीस वर्षं झाली, त्यानंतर मी दोरीला हात लावला नाही. गुडघा ठीक आहे माझा."

टोपी मांडीवर, मान खाली. पेरिना आता काय म्हणेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गाव काय म्हणेल याची त्याला तेव्हा पर्वाच नव्हती.

बोलला तो आंद्रो. "ठाऊक आहे मला."

दिंकोनं मान वर केली.

"गोळ्यापलीकडे मीच तर पोटावर पडलो होतो, गाढवा! लोकवाचा कप्तान होतो मी. दोरीला झोळ पडलेला दिसला मला."

"मग बोलला का नाहीस?"

"रविवारी तुझं माझ्या बहिणीशी लग्न होतं! मेंढ्या कापून झाल्या होत्या. दीडशे माणसं यायची होती. आणि ही," त्यानं येलेनाकडे बोट केलं, "हिला पुन्हा घरी ठेवून घ्यायची माझी छाती नव्हती."

येलेना पावाचे तुकडे करत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "मलाही ठाऊक आहे."

"तुला ह्यानं सांगितलं?" दिंकोनं आंद्रोकडे बोट करत विचारलं.

"हा कशाला सांगतोय! लग्नात तो पेला पंगतीतून फिरला, आठवतं? सगळ्यांनी त्यातून वाइन प्यायली. पाद्री दोनदा प्यायला. तू एकट्यानं ओठांना लावून पुढे दिलास. मी शेजारी बसले होते, दिंको. मला वाटलं, हा माणूस काहीतरी वाईट करून बसलाय आणि त्याला ते गिळवत नाहीये. म्हटलं, ठीक आहे, गिळता आलं असतं तर मी काळजी केली असती."

दिंकोनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग फोन कानाशी नेला, जणू आता तरी कुणाला ऐकू जाणार नाही.

"पेरिना? आहेस का गं?"

"आहे," तिचा आवाज ओला होता. "नोनो, इतकी वर्षं एकटाच बसलास हे घेऊन? मला का नाही सांगितलंस?"

"तू लहान होतीस."

"मी कधीची मोठी झालेय."

"हो गं. झालीस खरी." त्यानं डोळे पुसले. "हे बघ, जा म्हणून मी सांगत नाही. मी जिंकलो आणि मला त्या पेल्यातून पिता आलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे. बाकी तुझं तू बघ."

"बरं, नोनो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सामना कुठेच दाखवत नव्हते. दुकानदारिणीच्या फोनवर नुसते आकडे बदलत होते. पहिला सेट पेरिनाचा, दुसरा गेला, तिसरा पाच-पाच. म्हाताऱ्यांनी त्या दिवशी बालोते खेळलंच नाही. मग बराच वेळ आकडा जागचा हलेना, दुकानदारीण फोन आपटू लागली, आणि एकदम आलं: सात-पाच, पेरिना. जो गलका झाला, त्यानं धक्क्यावरच्या मांजरी पाण्यात पडायच्या बाकी राहिल्या.

तासाभरानं दिंकोचा फोन वाजला. अनोळखी आवाज, जाडा, दमलेला.

"मी क्रुनो. कोच."

"बॅग भरलीत का?" दिंकोनं सावधपणे विचारलं.

"भरणार होतो. चार वेळा गेली हो ती खूण बघायला! तीनदा चेंडू बाहेरच होता. एकदा आत होता, तो गुण देऊन आली. मी तोंडावर टॉवेल घेतला. पण तिसऱ्या सेटपर्यंत काय झालं माहितीये? पंच निकाल द्यायच्या आधी तिच्याकडे बघू लागले. आणि शेवटी शेवटी ती समोरचीसुद्धा. बावीस वर्षं या धंद्यात आहे, असं काही पाहिलं नव्हतं. तुम्ही नक्की काय शिकवलंत हो या पोरीला?"

सात म्हातारे, येलेना आणि दुकानदारीण फोनभोवती कोंडाळं करून उभे होते. दिंकोला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, एरवी त्यानं तासभर सोडलं नसतं त्या माणसाला. पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं:

"जेवली का ती?"