पाकोळीची हाक

आज सकाळी गॅलरीत अर्धवट कुरतडलेला बदाम पडला होता, कुंपणाजवळच्या झाडाचा, लालसर, आंबूस वासाचा. वटवाघळाचंच काम. उचलून नाकाशी धरला आणि बोरिवलीतल्या शाळेचा तो हॉल आठवला.

त्या रविवारी संध्याकाळी तिथे व्याख्यान होतं, तेही वटवाघळांवर! "चहा आहे गं शेवटी, चल ना," म्हणत नवऱ्याने मला ओढतच नेलं. वर पंखे घरघरत होते. बोलणारी मुलगी सांगत होती, फळं खाणारी मोठी वटवाघळं नजरेने आणि वासाने वाट काढतात. किडे खाणारं छोटं वटवाघूळ, आमच्या कोकणातली पाकोळी, मात्र अंधारात सारखी हाका मारत उडते. हाक आदळून परत आली की समोर काय आहे ते तिला कळतं.

हे माझ्या कानाशी वाकले. "तू काय वेगळं करतेस? कामावरून आलीस की चप्पल काढायच्या आधी 'अहो' करून ओरडतेस. मी 'हं' म्हटलं की मग आत येतेस."

"गप्प बसा, लोक बघतायत," म्हणत मी कोपर मारलं आणि मलाच हसू आवरेना. पुढच्या बाईंनी वळून डोळे वटारले.

हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी बाजारातून आले, दार उघडलं, की तोंडातून 'अहो' निघतंच. आवाज आतल्या खोलीपर्यंत जातो आणि परत येतो. समोर भिंत आहे, एवढं कळतं.