हेव्याची प्रार्थना
लसूण घालून तेल तापवलं की त्या वासानं मला राजूरच्या खाणीजवळचं आमचं पत्र्याचं चर्च आठवतं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिच्या डाव्या पायात जोर नव्हता. त्या रविवारी आमच्या शेजारीण देवानं केलेल्या उपकाराची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. त्यांच्याही लेकीचा पाय तसाच होता, पण ती आता चालू लागली होती. सगळे "आमेन" म्हणाले, मी मात्र लेकीच्या पायाकडे पाहत राहिले. उपास आम्ही दोघींनी सोबतच केले होते, मग देवानं त्यांचंच का ऐकलं? तेवढ्यात पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि खरं तेच बोलले, "प्रभू, मले या बाईचा हेवा वाटून राह्यला. यायच्या पोरीले चालताना पाहवत नाही मले."  शेजारीण उठून माझ्याजवळ बसल्या, पिशवीतून लसणाच्या तेलाची बाटली काढली आणि माझ्या लेकीचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागल्या. म्हणाल्या, "मीबी वर्षभर दुसऱ्यायच्या चालणाऱ्या पोरी पाहून अशीच जळत होती वो बाई. फक्त बोलाची हिंमत नाही झाली." माझी मुलगी आजही काठी घेऊनच चालते, पण एसटीनं एकटी वणीला कॉलेजात जाते. धावणाऱ्या पोरी दिसल्या की माझ्या पोटात अजूनही दुखतं. ते मी देवाला तिथल्या तिथं सांगते आणि लेकीला एकटीला जाऊ द्यायचं बळ मागते.