पत्रिकेतली वरची ओळ

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरची ST वळते तिथून जवळच, अल्ताफभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. २००६ साली त्याचे दोन भाग झाले. एका भागात अल्ताफभाई, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा. दुसऱ्या भागात त्यांची मुलगी गुलनाज, एक टेबल, एक संगणक आणि फोनची लाईन. मधे प्लायवूडचा आडोसा. तो चांगला उंच होता, तरी अलीकडचं ग्रीस पलीकडच्या कीबोर्डवर कसं पोचायचं याचा उलगडा कधीच झाला नाही.

गुलनाज सव्वीस वर्षांची. भोरला बी.कॉम. झाली आणि मग सहा महिने पुण्याला जाऊन-येऊन वेबसाईट बनवायला शिकली. बरोबरच्या मुली पुण्यात नोकऱ्या शोधायला लागल्या, तेव्हा ही भोरच्या आनंदरावांच्या छापखान्यात जाऊन उभी राहिली. आनंदराव लग्नपत्रिका छापत. वेल्ह्याच्या टोकापासून लोक नावांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्याकडे येत, आणि एक काका राहिला म्हणून पुन्हा येत. गुलनाज म्हणाली, "फाट्यावर मी मजकूर भरून घेते. तुम्ही भोरला बसून तो उघडा आणि छापा." आनंदराव म्हणाले, "बघू." सबंध आयुष्यात त्यांनी कुणाचं याहून जास्त कौतुक केलेलं नाही. आठवड्याभरात त्यांच्या खर्चानं संगणक आला.

आता, आपल्याकडे पत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव चुकलं तर लोक पेनानं दुरुस्त करतात. निमंत्रकांचा क्रम चुकला तर मात्र दोन घरांतली वाटी-चमच्याची देवाणघेवाण थांबते. म्हणून गुलनाजनं पहिल्या दिवसापासून प्रत्येक नावापुढे दोन बाण ठेवले होते, एक वर जायचा आणि एक खाली. बाण दाबला की पान सर्व्हरकडे जाई आणि नाव एक पायरी सरकवून परत येई. सर्व्हर अमेरिकेत होता. म्हणजे भावकीत एक पायरी वर चढायची, तर नावाला अमेरिकेला जाऊन यावं लागे, आणि तेही फाट्यावरच्या फोनच्या लाईनवरून. तेवढ्यात माणसाचा एक चहा होई.

पहिला घोळ या बाणांनीच केला. एका घरचे आजोबा स्वतःचं नाव एक पायरी खाली घ्यायला बसले, कारण वरचा मान त्यांना व्याह्यांना द्यायचा होता. त्यांनी बाण दाबला. काही हललं नाही. पुन्हा दाबला. असा सात वेळा दाबला आणि कंटाळून घरी गेले. सातही दाबण्या अमेरिकेला सुखरूप पोचल्या. पत्रिका छापून आली तेव्हा आजोबा तळाशी, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांच्या ओळीत, तीन वर्षांच्या पिंट्याशेजारी होते.

सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. आनंदराव मोटारसायकलवरून फाट्यावर आले आणि शांतपणे म्हणाले, "गुलनाज, आणखी एक पत्रिका परत आली, की हा संगणक पोत्यात घालून भोरला नेणार. मग लोक आहेत, चिठ्ठ्या आहेत आणि मी आहे."

टेबल गेलं की गुलनाजचं कामच गेलं. आडोशाच्या या बाजूलाही पुन्हा ट्यूबाच टांगल्या गेल्या असत्या. तिनं इंटरनेटवर शोधून एक तयार खेळणं आणलं. त्यात नाव माऊसनं धरायचं, ओढायचं आणि हवं तिथं सोडायचं. बाकीची नावं आपण होऊन बाजूला सरकून जागा देत. असली नम्रता कुठल्याच भावकीत नव्हती. ते खेळणं तिनं आपल्या जुन्या पानात बसवलं, खाली 'जतन करा' हे बटण तसंच ठेवलं, आणि अल्ताफभाईंना दाखवलं. ते बघत राहिले. म्हणाले, "झकास फिरतंय की गं."

नव्या पानावरची पहिली पत्रिका शिवऱ्याच्या वैष्णवीची. मजकूर सांगायला तिची आजी, सखूबाई, स्वतः आली. आजीचे तीन मुलगे हयात होते: वैष्णवीचे वडील कोंडिबा, त्यांच्या पाठचा मानसिंग आणि धाकटा गेनबा. या तिघांच्याही वरचा, थोरला मुलगा वीस वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको फुलाबाई तेव्हापासून घर ओढत होती.

"ल्ही," सखूबाई म्हणाली. "आदी फुलाबाई."

"आजी, तुमचं नाव आधी ना?"

"माजं कशाला? मला कोन वळखत न्हाई? फुलाबाई. मंग कोंडिबा, मंग मानसिंग, मंग गेनबा. ही सगळी पोरं तिच्या हातच्या भाकरीवर वाडली. हलवू नगंस."

गुलनाजनं नावं भरली, जतन केली.

दुसऱ्या दिवशी मानसिंग आला, डेअरीला दूध घालून परतताना. "जरा बघतो नुसती," म्हणाला. पान उघडून दिलं आणि गुलनाज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मानसिंगनं फुलाबाईंच्या नावावर माऊस नेला, थोडा वेळ थांबला, मग आपलं नाव धरून अलगद सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर 'जतन झाले' उमटलं. तो डेअरीचे रिकामे कॅन वाजवत गेला.

तिसऱ्या दिवशी गेनबा आला. तो एकदा उपसरपंच होता आणि अजून चालताना तसाच चालायचा. मोटारसायकल पंक्चर आहे म्हणाला. अल्ताफभाईंनी ट्यूब घमेल्यात बुडवून चारी बाजूंनी दाबली. एक बुडबुडा आला नाही. तेवढ्या वेळात आडोशापलीकडे गेनबा सगळ्यांच्या वर जाऊन बसला होता. 'जतन झाले.'

आठवड्यानं आनंदराव पत्रिकांचे गठ्ठे स्वतः घेऊन आले. शिवऱ्याची मंडळी दुपारी टेम्पोनं येणार होती. गुलनाजनं वरची पत्रिका उचलून नावं वाचली. फुलाबाई, कोंडिबा, मानसिंग, गेनबा. दोन्ही भावांना बसलेलं तिनं पाहिलं होतं. दोघं काय करून गेले हे तिला सांगायची गरज नव्हती. मग नावं हलली का नाहीत?

तिनं पान उघडून एक नाव ओढलं. सरकलं. जतन केलं. पान पुन्हा उघडलं. नाव परत जागेवर.

अल्ताफभाई आडोशावरून डोकावले. "काय गं?"

"अब्बा, पुढं सगळं फिरतंय आणि मागं काहीच पोचत नाही."

"मंग चेन पडलीय," ते म्हणाले. "पायडल लई हलकं फिरलं की मी आदी चेन बघतो."

नेमकं तेच होतं. खेळणं नावं हलवत होतं ते फक्त डोळ्यांसमोरच्या पडद्यावर. नवा क्रम सर्व्हरच्या वहीत लिहायचा तर तो बटणाबरोबर पाठवायला हवा होता, आणि ती जोडणी गुलनाजनं केलीच नव्हती. सर्व्हर बिचारा दर वेळी सखूबाईचाच क्रम पुन्हा लिहून 'जतन झाले' म्हणत होता. मानसिंग आणि गेनबा ज्या खुर्चीवर बसून गेले, ती खुर्ची कधी नव्हतीच.

टेम्पो आला. सखूबाई, मानसिंग आणि गेनबा उतरले. आनंदरावांनी तिघांच्या हातात एकेक पत्रिका दिली आणि पोतं कुठं मिळेल याचा अंदाज घेत उभे राहिले. मानसिंगनं वाचली, डोळे बारीक केले, पुन्हा वाचली. गेनबानं पत्रिका उलटी करून मागची बाजूही पाहिली. तक्रार करायची तर आपण गुपचूप येऊन काय केलं ते आधी सांगावं लागणार होतं.

शेवटी मानसिंगला राहवलं नाही. तो गुलनाजच्या कानाशी गेला. "ताई, म्या वर घेतलं हुतं की."

"कवा?" गेनबानं मागून विचारलं.

"काय कवा?"

"वर कवा घेतलंस?"

"तुला काय करायचंय? तू कवा आलतास हितं?"

"मी पंक्चर काढायला आलतो."

"पंक्चर नव्हतं," अल्ताफभाई आडोशापलीकडून म्हणाले.

सखूबाईला वाचता येत नव्हतं, तिनं पत्रिका अल्ताफभाईंच्याच पुढे धरली. "भाई, वरलं नाव काय हाय?"

"फुलाबाई."

आजीनं दोन्ही मुलांकडे पाहिलं. दोघंही टेम्पोच्या चाकांकडे बघत होते.

गुलनाज गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "आजी, चूक माझी आहे. या दोघांनी क्रम बदलला होता. माझ्या पानानं तो पुढं पाठवलाच नाही. आजच दुरुस्त करते." आणि आनंदरावांकडे न बघता तिनं सगळा प्रकार सांगितला, चेनसकट.

सखूबाईनं ऐकून घेतलं. "दुरुस्त कर," ती म्हणाली. "पर आमच्या धाकट्या नातीचं लगीन झाल्यावर कर."

आनंदराव कापूरहोळला कधी हसलेले कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी मोटारसायकलला किक मारता येईना इतके हसले. गठ्ठे टेम्पोत चढले, एकही परत आला नाही, आणि पोत्याचा विषय निघाला नाही. जाताना ते फक्त म्हणाले, "बघू."

गुलनाजनं मात्र आजीचं ऐकलं नाही. संध्याकाळच्या आत चेन बसवली आणि बटणं दोन केली. एकावर 'छापायला', ते मजकूर सांगणाऱ्या माणसानंच येऊन दाबायचं. दुसऱ्यावर 'बघायला'. त्यात कुणीही यावं, नावं हवी तशी ओढावीत, आणि आपल्या मनासारखी एकच प्रत साध्या प्रिंटरवर काढून न्यावी.

पहिली प्रत मानसिंगनं नेली, दुसरी दोन दिवसांनी गेनबानं. मानसिंगनं आपली फ्रेम करून सोप्यात लावली आहे. मी ती पाहिली आहे, त्याचं नाव वर आणि जरा मोठ्या अक्षरात आहे. फुलाबाई चहा घेऊन आत येण्याआधी ती भिंतीवरून उतरते आणि खाटेखाली जाते. कपबशा परत गेल्या की पुन्हा चढते.