खाली डाबे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल. शिवाय तुम्ही मध्येच "अगं, जाऊ दे गं" म्हणणार नाही.

त्याचं नाव हर्षद. आमच्याच सोसायटीत राहतो, अलकापुरीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इथे मी त्याला नुसतं हर्षद म्हणते आहे — तोंडाने कधी म्हटलेलं नाही. आमच्या बडोद्यात प्रत्येक पुरुष भाई आणि प्रत्येक बाई बेन. रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत. त्यात नातं काही नसतं, नुसता रिवाज. तो मला नीलाबेन म्हणायचा, मी त्याला हर्षदभाई. कधीतरी, चुकून का होईना, त्याच्या तोंडून नुसतं नीला निघेल म्हणून मी किती वाट पाहिली! कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळणारी, चाळिशीला टेकलेली बाई — हसू आलं तर हसा. मलाही येतं.

तर — पॅरामोटर. पाठीवर मोटरचा पंखा बांधून माणूस पॅराशूटला लटकून उडतो ना, तो. आम्ही दोघं सोसायटीच्या गच्चीवर त्याचं धाकटं भावंड बनवत होतो, रिमोटवर उडणारं. माणसाच्या जागी बाहुला. रिमोटची काडी हलवली की बाहुला हाताने डावी किंवा उजवी दोरी ओढणार आणि पॅराशूट त्या बाजूला वळणार. हर्षदने त्याचं नाव बचुभाई ठेवलं होतं. बचुभाईचा सदरा माझ्या ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याचा होता. याचं मला अजून सुख वाटतं, काय करू?

सांगाडा, मोटर, बॅटरी त्याच्याकडे. शिवण माझ्याकडे. पहिलं पॅराशूट मी छत्रीच्या कापडाचं शिवलं, त्यातून हवा आरपार जायची. दुसरं पातळ नायलॉनचं. ते उडालं, पण उडालं की आपलं डावीकडे. मी सगळ्या दोऱ्या सोडल्या, फळीवर खिळे ठोकून त्यावर मापून पुन्हा बांधल्या. तरी डावीकडे! शेवटी हर्षदलाच सापडलं — पंखा एका बाजूला फिरतो, म्हणून बचुभाई उलट बाजूला कलतो. मोटरच्या एका बाजूला वॉशर घालून त्याने ती जराशी तिरकी बसवली, आणि स्वारी सरळ निघाली. तो गच्चीभर नाचला. मीही टाळ्या वाजवल्या.

खरं सांगू? टाळ्या वाजवतानाच मनात आलं होतं — सगळं नीट झालं तर उद्या गच्चीवर यायचं ते कशासाठी? नवा बिघाड निघावा, असं मला वाटायचं. कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंतचा तेवढा वेळ — त्याचं डोकं खाली वाकलेलं, कानामागे पेन्सिल, मी दोऱ्या धरून समोर बसलेली — माझ्या दिवसात तेवढंच माझं होतं.

मग बंगळूरहून दोन माणसं आली. त्यांना शेतांवरून हळूहळू उडत फोटो काढणारं यंत्र हवं होतं. आमचं यंत्र उडतानाचा व्हिडिओ त्यांनी फोनवर पाहिला होता. प्रत्यक्ष उडालं तर हर्षदला तिकडे नोकरी. त्याचा चेहरा त्या आठवड्यात कसा झाला होता, मला वर्णन करता येणार नाही.

डभोईच्या रस्त्यावर कालव्याकाठचं एक मोकळं शेत होतं. यंत्र हातात धरून पळत सोडायचं काम त्याचं, म्हणून रिमोट माझ्याकडे. "तमारो हाथ स्थिर छे, नीलाबेन," म्हणाला. माझ्या हातावर त्याचा एवढा विश्वास.

बचुभाई सुरेख उडाला. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला वाऱ्याने तो विजेच्या तारांकडे सरकू लागला आणि शेताच्या मधून हर्षद ओरडला, "खाली डाबे! खाली डाबे!"

मराठीत खाली म्हणजे खाली. गुजरातीत मात्र खाली म्हणजे रिकामं, आणि बोलताना नुसतं, तेवढंच, या अर्थानेही येतं. तो सांगत होता — नुसतं डावीकडे. डावी दोरी ओढा, बाकी कशाला हात लावू नका.

मी मोटर बंद केली आणि बचुभाईचे दोन्ही हात पार खाली ओढले. पॅराशूटमधली हवा गेली, ते मिटलं, आणि सगळं कालव्याच्या सिमेंटवर येऊन आदळलं.

मला खाली ऐकू आलं म्हणून खाली आणलं — असं मी म्हणाले. सगळ्यांत आधी हर्षदच हसला. मग पाहुणेही हसले, चहा प्याले आणि निघून गेले. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. मराठी नीलाबेनच्या 'खाली'चा किस्सा आमच्या सोसायटीत अजून सांगतात, आणि मीही हसते.

पण माझा जन्म बडोद्याचा आहे हो. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हापासून आम्ही इथले. मी भाजी गुजरातीत घेते, भांडते गुजरातीत. "खाली जोवा आवी छुं" — नुसती बघायला आलेय — असं म्हणत मी साड्यांची किती दुकानं पालथी घातली आहेत! मला खाली कळत नाही?

मला कळलं होतं. पहिल्याच हाकेला. माझा अंगठा डावीकडे गेलाही होता. मी तो परत आणला. तो जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं — आणि मी त्याला जाऊ दिलं नाही.

तो गेला नाही. गच्चीवरही पुन्हा आला नाही. मोडकं सामान त्याने पोत्यात भरलं, ते पोतं कधी उघडलं नाही. मी दोनदा म्हटलं, नवं शिवते. तो म्हणाला, रहेवा दो. अजून संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वर गेले की मी उगाच थोडी थांबते.

एक मात्र त्याने केलं. चूक आपली, असं त्याला वाटतं — नीलाबेनशी त्यांच्या भाषेत बोलायला हवं होतं. म्हणून माझ्या आईला विचारून त्याने खालीचा मराठी शब्द शिकून घेतला, आणि माझ्याशी बोलताना तो आजही तोच वापरतो. परवा लिफ्टपाशी मी चहाला बोलावलं, तर बिचकत म्हणाला, "साखर नको, नीलाबेन. नुसता चहा."