जीभ वर करा!

जपानात, त्सुकुबाच्या आमच्या लॅबमध्ये डासांपेक्षा किस्से लवकर वाढतात. डास निदान पिंजऱ्यात तरी राहतात. किस्से डबा उघडला की बाहेर! काम एकच: पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावरून मलेरिया कायमचा घालवायचा. ते होईपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही.

*

नवरा अजय आयटीवाला. एकदा जेवताना म्हणाला, "नव्याण्णव टक्के झालं ना? आम्ही एवढ्यावर रिलीज करून पार्टी करतो!"

"उरलेल्या एकाच्या रक्तातून अख्खं बेट परत आजारी पडतं," मी म्हटलं.

"म्हणजे तुमच्याकडे पार्टी कधीच नसते!"

*

टोकियोत, ओजिमाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुंडीखालच्या बशीत पाणी दिसलं की मी ओतून देते. मलेरियाचा डास तसल्या बशीत अंडी घालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हाताला कोण सांगणार!

शेवटी शेजारच्या आजींनी अजयला लिफ्टमध्ये अदबीनं विचारलं, "तुमच्या मिसेस पाण्यावर रागावल्यात का?"

*

हा किस्सा बेटावरून लॅबमध्ये आलेला. तिथं सगळ्यांनीच गोळ्या घ्यायच्या होत्या, धडधाकट माणसांनीसुद्धा. रोग अंगात गुपचूप बसून राहतो ना! म्हातारा मुखिया अडला. "मला काही होत नाही. गोळ्या आजाऱ्याला द्या."

आमचे सीनियर मोरी-सान वाद घालत नाहीत. ते रोज त्याच्या दारात चटई टाकून बसायचे, तसदीबद्दल माफी मागायचे, आणि बसल्या बसल्या काय करायचं म्हणून अंगण झाडायचे.

मुखियाची बायको कावली. "गिळा एकदाच्या! हा माणूस आता माझी चूल पुसायला येईल!"

मुखियानं गोळ्या तोंडात टाकल्या. मोरी-सान वाकून म्हणाले, "माफ करा. तोंड उघडा. जीभ वर करा."

*

मग कितीतरी महिने बेटावर एकही पेशंट नाही. आता धास्ती बाहेरून येणाऱ्यांची. धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, हा नियम मीच भांडून करून घेतला.

दिवाळीला पनवेलला माहेरी जाऊन आले आणि मोरी-सानबरोबर पहिल्यांदाच बेटावर गेले. धक्क्यावर रांगेत मीही हात पुढे केला.

नर्सनं मायक्रोस्कोपमधून वर बघितलं. पुन्हा आत बघितलं. मग मोरी-साननी बघितलं. मग मी. अख्ख्या बेटावर मलेरियाचा एकच पेशंट होता!

"पण मला काही होत नाहीये!" मी ओरडलेच. "ताप नाही, थंडी नाही!"

मागून कुणीतरी खो खो हसलं. म्हातारा मुखिया काखेत चटई घेऊन आला होता. ती त्यानं माझ्यासमोर अंथरली, ऐसपैस बसला आणि नर्सकडून गोळ्या घेऊन माझ्या हातावर ठेवल्या.

"तोंड उघड," तो म्हणाला. "जीभ वर कर."